बर्फ उपसताना कंबरेत उसण भरली, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय 46, दिवसभर बैठं काम, कंबरेचा याआधी त्रास नाही. रात्रभर बर्फ पडला. सकाळी उठल्या उठल्या फावडं घेऊन तासाभरात गाडीची वाट मोकळी केली. रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने तोंडाशी लोटून ठेवलेला ओला, दाबलेला ढीग तेवढा राहिला होता. तो उचलून डावीकडे फेकताना कंबरेत उसण भरली आणि माणूस तिथेच वाकलेला राहिला. आज चौथा दिवस. बूट घालताना कळ येते, दुखणं उजव्या कुल्ल्यापर्यंत जातं, त्याखाली नाही. एमआरआय काढायचा का, पट्टा बांधायचा का, किती दिवस पडून राहायचं, आणि पुढच्या बर्फाला पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीसहून जास्त वर्षं बर्फाच्या मुलखात काम करतोय. मोसमातला पहिला मोठा बर्फ पडला की दोन दिवसांत अगदी अशीच माणसं एका कुशीवर कलून, भिंतीला हात लावत आत येतात. त्यामुळे सविस्तर लिहितो. पण इलाजाआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिथे उशीर चालत नाही.

लघवी लागूनही होत नाही किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा सुटला आहे, घोड्यावर बसल्यावर खोगीर जिथे टेकतं त्या भागात, म्हणजे जांघेच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती, बधिरपणा आहे, पंजा वर उचलता येत नाही आणि चालताना पाऊल घसटतं, किंवा दोन्ही पायांतलं बळ कमी होत चाललं आहे. यातलं एकही असेल तर पुढचं वाचत बसू नका. रात्र असली तरी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा. मणक्याच्या खालच्या टोकाला मज्जातंतूंचा एक जुडगा असतो. तो दाबला गेला असेल तर काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडू शकतो. याशिवाय कंबरदुखीबरोबर ताप असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा हाडं ठिसूळ झालेलं वयस्क माणूस बर्फावर आपटलं असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरचे उपाय सुरू करू नयेत.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. दुखणं कुल्ल्यापर्यंत येऊन थांबतं, पायात मुंग्या नाहीत, बळ कमी झालेलं नाही. याचा अर्थ नस दबली असण्याची शक्यता कमी आहे. नस दबते तेव्हा वेदना बहुधा गुडघ्याखाली उतरते, पोटरीतून घोट्याकडे किंवा अंगठ्याकडे रेघ ओढल्यासारखी जाते, आणि खोकताना-शिंकताना ती रेघ पेटते. तुमचं दुखणं स्नायू, मणक्यांमधले छोटे सांधे, बंध (लिगामेंट) आणि दोन मणक्यांमधल्या गादीचं (डिस्क) बाहेरचं वेष्टन यांपैकी कशाचं तरी, किंवा दोन-तीन गोष्टींचं मिळून आहे. नेमका कुठला धागा ताणला हे अशा दुखण्यात बहुतेकदा हाताने तपासूनही ठरत नाही आणि फोटो काढूनही ठरत नाही. हे ऐकून लोक नाराज होतात, पण उपचार त्यावर अडत नाही.

म्हणूनच एमआरआय आत्ता नको. खर्च किंवा वेळ हे त्याचं कारण नाही. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या तपासण्या एकत्र करून 2015 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या 68 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि 50 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. ही सगळी ठणठणीत माणसं होती! विशीतल्यांमध्येसुद्धा झिजेचं प्रमाण 37 टक्के होतं. तुमचा एमआरआय आज काढला तर त्यात काही ना काही निघणारच. ते दहा वर्षांपूर्वीचंही असेल, पण अहवालावरचे शब्द वाचून तुम्ही वाकायला घाबराल, आणि ती भीती दुखण्यापेक्षा जास्त काळ टिकते. अहवाल हातात घेऊन 'माझी गादी सरकलीय, आता आयुष्यभर वाकायचं नाही' असं ठरवून आलेल्या कितीतरी लोकांना मला नव्याने वाकायला शिकवावं लागलं आहे. सहा आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल, किंवा पायात वेदना, मुंग्या, अशक्तपणा उतरू लागला, तर एमआरआयला अर्थ आहे.

आता पडून राहण्याबद्दल. 1986 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. कंबर धरलेल्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणावर राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे खूपच कमी झाले आणि दुखण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. 1995 साली हेलसिंकीत त्याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं. एका गटाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त 'झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा' एवढंच सांगितलं. तिसरा गट सगळ्यांत लवकर बरा झाला. चार दिवस झालेल्या माणसाला यातून घेण्यासारखं हे की सोसेल तितकी हालचाल हेच औषध आहे. मात्र औषधाला मात्रा असते. जी पाठ शनिवारी तासाभरात शेकडो फेकींनी दुखावली, ती सोमवारी 'चालणं चांगलं असतं' म्हणून तासभर चालवलीत तर पुन्हा आखडेल.

तुमच्यासाठी आजची मात्रा अशी. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी पाच ते दहा मिनिटं, सपाट जागी घरातल्या घरात चाला. हात मोकळे सोडा, पावलं लहान ठेवली तरी चालेल. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. मऊ सोफा सध्या वर्ज्य, खुर्ची थोडी उंच बघा. आराम हवा असेल तर जमिनीवर उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे मांड्या उभ्या आणि गुडघे काटकोनात येतील. दहा मिनिटांत कंबर सैल पडते. रात्री कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उठताना सरळ बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत उठा. बूट घालताना खाली वाकायच्या ऐवजी पाऊल स्टुलावर घ्या. शिंक येते आहे असं वाटलं तर भिंतीला हात टेका आणि छाती पुढे काढून कंबर किंचित मागे घ्या. वाकलेल्या अवस्थेत आलेली एक शिंक चार दिवसांची कमाई घालवू शकते.

शेक घ्या. पहिल्या एक-दोन दिवसांत थंड पिशवी बरी वाटली असेल तर हरकत नाही, पण कंबरेच्या बाबतीत उबेचा पुरावा जास्त चांगला आहे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पिशवी लावून झोपी जाऊ नका, कातडी भाजते. गोळ्यांचं म्हणाल तर नुसतं पॅरासिटामॉल कंबरदुखी लवकर बरी करत नाही. 2014 साली ऑस्ट्रेलियात सोळाशेहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते आणि साधी दिखाऊ गोळी सारखीच ठरली. आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी काही दिवस उपयोगी पडते. पण ज्यांना जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब किंवा हृदयरोग आहे, किंवा जे रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि गोळीचा असर आहे तोवर उरलेला बर्फ काढून टाकू, हा विचार तर कुणीच करू नये. गोळी वेदना झाकते, वजन कमी करत नाही.

वाकून दुखावलेल्या कंबरेला बऱ्याचदा मागे वळणं मानवतं. हे कसं लक्षात आलं त्याची हकीकत मला फार आवडते. 1956 साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे पाय दुखणारा एक रुग्ण यायचा. एके दिवशी त्याला तपासणीच्या टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या रुग्णासाठी वर उचललेला राहिला होता, आणि हा गृहस्थ तसाच कंबर मागे वळलेल्या स्थितीत काही मिनिटं पडून राहिला. मॅकेंझी घाबरून आत आले तेव्हा तो म्हणाला, इतकं बरं कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं. त्यातून एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. तुम्ही करून बघा: पालथे झोपा, दोन मिनिटं नुसते पडून राहा. मग कोपरांवर टेकून छाती उचला, पुन्हा दोन मिनिटं. बरं वाटलं तर तळहातांवर रेटा देत छाती वर घ्या, कंबर आणि कुल्ले सैल सोडा, दहा वेळा वर-खाली करा. असं दर दोन-तीन तासांनी. मोजपट्टी एकच आहे. दुखणं कुल्ल्यातून वर सरकून कंबरेच्या मध्याशी गोळा होत असेल तर उत्तम, मग कंबर तेवढ्यापुरती जास्त दुखली तरी चालेल. दुखणं खाली मांडीकडे, पोटरीकडे उतरू लागलं तर तो व्यायाम लगेच थांबवा, तो तुमच्यासाठी नाही.

पट्टा? खरेदीला किंवा प्रवासाला जाताना पहिल्या काही दिवसांत आधार म्हणून बांधलात तर बिघडत नाही. पण पट्टा बांधून बर्फ उपसला तर कंबर वाचेल, ही समजूत सोडा. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 1994 सालीच तपासून सांगितलं होतं की निरोगी कामगारांच्या पाठीला पट्टा इजेपासून वाचवतो याला पुरावा नाही. उलट पट्टा बांधल्यावर माणूस जास्त वजनाला हात घालतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

या रीतीने बहुतेकांचं दुखणं दोन आठवड्यांत निम्म्याहून कमी होतं आणि चार-सहा आठवड्यांत जवळजवळ जातं. दुसऱ्या आठवड्यापासून, सकाळची ताठरता कमी झाली की, पाठीला बळ देणारे व्यायाम सुरू करा. तीनच पुरेत. पाठीच्या यांत्रिकीवर आयुष्यभर काम केलेले कॅनडातले प्राध्यापक स्टुअर्ट मॅगिल हे तीन सुचवतात आणि मीही तेच शिकवतो. पहिला: उताणं झोपून एक गुडघा वाकवलेला, हातांचे तळवे कंबरेच्या पोकळीखाली, आणि फक्त डोकं व खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे. दुसरा: कुशीवर होऊन कोपर आणि गुडघा यांवर अंग तोलून धरायचं. तिसरा: हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात समोर आणि डावा पाय मागे लांब करायचा, मग उलट. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद धरायची आणि सोडायची. दमेपर्यंत करायचे नाहीत. इथे ताकदीपेक्षा चिवटपणा हवा असतो, कारण बर्फ उपसताना पाठ एका फेकीने थकत नाही, दोनशेव्या फेकीला थकते.

हे दोनशे मी उगाच म्हणत नाही. आता मुळाशी येऊ. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद वाट घ्या आणि तिच्यावर 15 सेंटीमीटर बर्फ धरा. म्हणजे सहा घनमीटर झाला. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहून हलका. ओला किंवा दाबला गेलेला बर्फ सहज तीनशे किलो भरतो, जास्तही. म्हणजे तेवढ्याच वाटेवर एकदा 600 किलो आणि एकदा 1800 किलो. फावड्यात एका वेळी सहा किलो येतो असं धरलं तर पहिल्या दिवशी शंभर फेकी, दुसऱ्या दिवशी तीनशे. खिडकीतून दोन्ही दिवस सारखेच दिसतात. लोक बर्फ उंचीने मोजतात, पाठ तो वजनाने मोजते. बाहेर गेल्यावर पहिलं फावडं उचलून बर्फाचा जडपणा बघा आणि मग वेळेचा अंदाज बांधा.

यापुढची गोष्ट अंतराची आहे. तुमच्या पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून फक्त पाच-सहा सेंटीमीटर मागे असतात, आणि फावड्याच्या टोकाचा बर्फ मणक्यापासून 90 सेंटीमीटर पुढे. बर्फ आणि फावडं मिळून सात किलो असतील तर ते पेलायला स्नायूंना सव्वाशे किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. कंबरेतून पुढे झुकलेलं तुमचं स्वतःचं धड धरून ठेवायला आणखी दोनशेच्या आतबाहेर. धडाचं आणि बर्फाचं प्रत्यक्ष वजन त्यात मिळवा, म्हणजे सगळ्यांत खालच्या गादीवर साडेतीनशे किलोच्या घरात दाब येतो. हिशेब ढोबळ आहे, पण कामगार-आरोग्याचे तज्ज्ञ साधारण ह्याच आकड्याला धोक्याची रेषा मानतात: 3400 न्यूटन. आता तेच सात किलो शरीरापासून 40 सेंटीमीटरवर आणा आणि धड जवळजवळ सरळ ठेवा. दाब थेट निम्म्याच्या आसपास येतो. फावडं तेच आणि बर्फही तेवढाच, कमी झालं ते फक्त अंतर. 1999 साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या गादीत दाब मोजणारं यंत्र बसवून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. 20 किलो वजन पाठ गोल करून उचलताना दाब 2.3 मेगापास्कल होता, आणि तेवढंच वजन अंगालगत धरल्यावर 1.1.

याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. रात्री झोपेत गादी पाणी शोषून फुगते आणि तिच्यातला दाब सकाळपर्यंत दुपटीहून वाढतो. सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त असते ती यामुळेच. फुगलेली गादी वाकवली की तिच्या वेष्टनावर आणि बंधांवर दिवसाच्या मानाने कितीतरी जास्त ताण येतो. उठल्यानंतर पहिल्या तासाभरात यातलं बरंचसं पाणी आपोआप निघून जातं. बर्फ मात्र रात्री पडतो आणि कामावर जायची घाई सकाळीच असते. तुम्ही अंथरुणातून उठून थेट फावडं हातात घेतलंत, म्हणजे पाठ दिवसात सगळ्यांत नाजूक असताना दिवसातलं सगळ्यांत अवघड काम तिच्यावर टाकलंत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गोष्टीत हा तास सापडतो. त्यामुळे माझा पहिला सल्ला तंत्राचा नाही, घड्याळाचा आहे. बर्फाच्या दिवशी एक तास लवकर उठा, आणि तो तास घरात चालण्या-फिरण्यात घालवा. मग पाच-सात मिनिटं जागच्या जागी पावलं उचला, खांदे फिरवा, कुल्ल्यातून दहा-पंधरा वेळा झुका. अंगात ऊब आल्यावर दार उघडा.

फावड्याबद्दल. रुंद पात्याचं फावडं ढकलायला चांगलं आणि उचलायला वाईट. जमलं तर दोन ठेवा: एक ढकलायचं, एक छोट्या पात्याचं उचलायचं. एकच घ्यायचं असेल तर छोटं घ्या. छोट्या पात्यात जास्त बर्फ मावतच नाही, आणि घाईतल्या माणसाला आवर घालायला एवढं पुरतं. पातं प्लास्टिकचं, हलकं. दांडा इतका लांब की पातं जमिनीला टेकलेलं असताना तुम्हाला जेमतेमच झुकावं लागावं. बाकदार दांड्याची फावडी मिळतात, त्यांनी वाकणं खरोखर कमी होतं. दांड्याच्या मध्यावर बसवायची दुसरी मूठही मिळते, तिचाही तोच उपयोग. पात्याला मेण चोळा किंवा सिलिकॉनचा फवारा मारा. बर्फ चिकटून राहिला की माणूस फावडं झटकतो आणि त्या झटक्यात कंबर जाते.

उपसताना उचलण्यापेक्षा ढकला. वाटेच्या मध्यापासून दोन्ही कडांकडे लोटत न्या, उचलायची वेळ फक्त कडेला येऊ द्या. उचलावंच लागलं तर एक हात मुठीवर, दुसरा पात्याच्या जितका जवळ जाईल तितका. एक पाय पुढे, गुडघे सैल, आणि झुकायचं ते कुल्ल्यातून. कुल्ल्यातून झुकणं म्हणजे काय हे घरी काठीने शिका. काठी पाठीवर उभी धरा, ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. आता तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवून पुढे झुका, जणू कुल्ल्याने मागचं दार लोटताय. काठी एखाद्या ठिकाणी सुटली की कंबर गोल झाली. रोज वीस वेळा, एक आठवडा. नुसतं 'गुडघ्यात वाका' असं सांगून मी कुणाची पाठ सुधारलेली पाहिली नाही, कारण शंभर वेळा खोल बसून उठायला मांड्या तयार नसतात आणि दहाव्या फेकीला माणूस परत पाठीवर येतो.

आणि पिळ देऊ नका. तुमची उसण डावीकडे फेकताना भरली, त्याचं कारण बहुधा हेच. पाय रोवलेले, कंबर वाकलेली, वजन लांब, आणि वरचं धड फिरलेलं. गादीच्या वेष्टनाचे धागे तिरपे विणलेले असतात. वाकून पिळलं की त्यातले अर्धे सैल पडतात आणि सगळा भार उरलेल्या अर्ध्यांवर येतो. ज्या दिशेला टाकायचं त्या दिशेला आधी पावलं वळवा, दोन पावलं चालत जा आणि समोर ओता. खांद्यावरून मागे कधीच फेकू नका. दर दहा-बारा फेकींनी हातांची अदलाबदल करा. उलट्या हाताने पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, पण एकाच बाजूचे स्नायू शेवटपर्यंत राबत नाहीत.

बर्फ पडून थांबायची वाट बघू नका. पाच सेंटीमीटर साचला की एकदा लोटा, मग पुन्हा. एकूण वजन तेवढंच राहतं, पण दर वेळी तो कोरडा आणि ढकलण्याजोगा असतो. दर पंधरा मिनिटांनी थांबा, सरळ उभे राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका. तोंडाशी जमलेला तो यंत्राचा वरंबा हे वेगळं काम समजा. लोक तो शेवटी, दमलेल्या पाठीने आणि उशीर झालेल्या मनाने उचलतात, जसा तुम्ही उचललात. तो मधल्या विश्रांतीनंतर घ्या, वरून पातळ थर कापत घ्या, एका वेळी अर्धंच पातं भरा. गोठून दगड झाला असेल तर आधी टोकदार फावड्याने फोडून घ्या. पायांत घट्ट पकडीचे बूट हवेत आणि उभं राहायच्या जागी वाळू किंवा मीठ टाकलेलं हवं. पाय सटकला की पडणं टाळताना पाठीला जो हिसका बसतो, तो पडण्याइतकाच वाईट.

पाठीचा विषय असला तरी हृदयाबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेत 1990 ते 2006 या काळातल्या तातडीच्या विभागांच्या नोंदी तपासल्या तेव्हा बर्फ उपसण्याशी संबंधित दरवर्षी सरासरी साडेअकरा हजार रुग्ण निघाले. त्यात सुमारे एक तृतीयांश इजा कंबरेच्या होत्या. हृदयाचे रुग्ण जेमतेम सात टक्के, पण नोंदलेले सगळे मृत्यू त्यांच्यातले. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, हातांचं जोराचं काम आणि श्वास रोखून धरणं यांनी रक्तदाब चढतो. हृदयरोग, मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या बैठ्या लोकांनी जड बर्फ दुसऱ्याकडून किंवा यंत्राने काढून घेणं योग्य. उपसताना छातीत दाब, जबडा किंवा डावा हात जड होणं, थंड घाम, किंवा पाठीत खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये दुखणं जाणवलं तर ते 'पाठीचं' समजून शेकत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. आणि फेकताना श्वास सोडा, धरू नका.

आता राहिला एक प्रश्न, पुन्हा फावडं कधी घ्यायचं. तारखेवर ठरवू नका. या चार गोष्टी दुखल्याशिवाय झाल्या तर हरकत नाही: अर्धा तास सलग चालणं, उभ्याने मोजे घालणं, काठीची कवायत वीस वेळा, आणि पाच किलोची पिशवी जमिनीवरून उचलून पावलं वळवत दोन पावलांवर ठेवणं, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर नेहमीपेक्षा ताठ नसेल तर पुढच्या बर्फाला पंधरा मिनिटं, फक्त ढकलायचं काम घ्या. त्याच्या पुढच्या वेळी अर्धा तास. तोवर बर्फ पडला तर शेजाऱ्याला किंवा घरातल्या तरुणाला सांगा. वरंबा या मोसमात तुम्ही उचलू नका, तो दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या.